बेदाच्या झाडांचे गाव

सातवीच्या वर्गाला आम्ही दर वर्षी 'माझे गाव' हा निबंध देतो. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे निबंध आधी उर्दूत लिहायचा आणि पंधरा दिवसांनी तोच मराठीत. बहुतेक मुलांचे निबंध सारखेच असतात. गावात मशीद आहे, मंदिर आहे, नदी आहे, शाळा आहे, आम्हाला आमचे गाव आवडते. गेल्या वर्षी आम्ही त्यात एक प्रश्न घातला: तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय? घरी मोठ्यांना विचारून लिहा.

उत्तरे वाचताना मजा आली. वडगाव म्हणजे वडाचे, पिंपळगाव पिंपळाचे, बोरगाव बोरीचे, आंबेगाव आंब्याचे, बाभूळगाव बाभळीचे. आपल्या महाराष्ट्रातील किती गावे झाडांच्या नावावर वसली आहेत, हे फळ्यावर यादी केली तेव्हा मुलांच्याही लक्षात आले. चिंचोली नावाच्या एका गावची मुलगी होती. (चिंचोल्या महाराष्ट्रात कितीतरी आहेत, त्यामुळे गावाचे नाव लिहायला हरकत नाही.) तिने उर्दूत आपल्या गावाचे नाव 'चिचुली' असे लिहिले होते. आम्ही सवयीप्रमाणे लाल पेनाने गोल केला, वर 'चिंचोली' लिहिले, नून घालायला विसरू नकोस असे बजावले आणि वही परत दिली. ही गोष्ट इथेच संपली असे आम्हाला वाटले होते. ती संपली नव्हती. पण त्याकडे नंतर येऊ. आधी एका दूरच्या गावाची ओळख करून द्यायची आहे. ते गाव भेटले नसते तर आमची चूक आम्हाला कळलीच नसती.

त्याच महिन्यात उर्दूच्या धड्यात 'बेदे मजनूं' हा शब्द आला. नदीकाठी फांद्या खाली सोडून उभे असणारे हे झाड. मजनूसारखे केस मोकळे सोडून मान खाली घातलेले दिसते, म्हणून हे नाव. एका मुलाने विचारले, "सर, बेद याने क्या?" आम्ही सांगितले, क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात, ज्याला काश्मीर विलो म्हणतात, तेच झाड. मुलाचे समाधान झाले, आमचे झाले नाही. शब्दकोश काढला, त्यातून दुसरे पुस्तक काढले, आणि शोधता शोधता इराणमधील एका खेड्यात जाऊन पोहोचलो. अर्थात कागदावरून. प्रत्यक्ष इराण आम्ही पाहिलेला नाही.

गावाचे नाव अबयाना. इराणी लोक शेवटचा स्वर थोडा वळवून 'अबयाने' म्हणतात. इस्फहान प्रांतात, काशान आणि नतंझ या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ भागात ते आहे. जवळच्या डोंगराचे नाव करकस. फारसीत करकस म्हणजे गिधाड. डोंगर जवळजवळ 3900 मीटर उंच आहे आणि गावही दोन हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही हे गाव उंचावर. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात गारवा, खाली ओढ्याकाठी फळबागा.

गावाची माती लाल आहे. मातीत लोहाचा अंश आहे, त्याचा तो रंग. घरे त्याच मातीची, कच्च्या विटांची, त्याच मातीने लिंपलेली. डोंगराच्या उतारावर ती पायऱ्यांसारखी चढत गेली आहेत. खालच्या घराचे छत हेच वरच्या घराचे अंगण. जागा थोडी, उतार तीव्र, मग दुसरे काय करणार? शेजाऱ्याच्या डोक्यावर आपले अंगण आणि आपल्या डोक्यावर दुसऱ्या शेजाऱ्याचे. असे राहायचे तर भांडून चालत नाही.

या गावाची जामा मशीद फार जुनी आहे. तिच्या कोरीव लाकडी मिंबरावर हिजरी 466 हे साल आहे, म्हणजे इसवी सन 1073 च्या सुमाराचे. साडेनऊशे वर्षे झाली. त्या आधीच्या काळाची खूण म्हणून गावात एका आतशकद्याचे, म्हणजे अग्निमंदिराचेही अवशेष आहेत. गावातील बायकांचा पोशाख तर सगळ्या इराणमध्ये प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कापडावर मोठी रंगीत फुले असलेली, खांद्यावरून खाली येणारी ओढणी आणि गुडघ्याखाली जाणारा चुणीदार घागरा. इराणमध्ये इतरत्र काळी चादर दिसते, इथल्या म्हाताऱ्या बायका मात्र आपल्या आजी-पणजीची फुलांची ओढणीच घेतात. अंग नीट झाकलेले आहे, रंग आपल्या गावचा आहे. पुरुषांची जुनी विजार काळी आणि खूप घेरदार. 1975 मध्ये इराण सरकारने हे गाव राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवले.

आता नावाकडे येऊ. फारसीत आणि उर्दूत 'आब' म्हणजे पाणी, हे आपल्या घरातील लहान मुलालाही माहीत असते. पंजाब म्हणजे पाच पाणी, गुलाब म्हणजे फूल आणि पाणी. मग 'अबयाना' ऐकताच कोणालाही वाटेल की या नावात पाणी असणार. शेजारून बर्झरूद नावाची नदी वाहते, म्हणजे पुरावाही समोरच. आम्हालाही पहिल्यांदा तेच वाटले.

पण उर्दू शिकवणाऱ्याने निदान अक्षरे तरी नीट पाहावीत. पाण्याचा 'आब' लिहिताना अलिफवर मद्द येते आणि अलिफ लांब होतो. अबयाना लिहिताना अलिफवर मद्द नाही. तो आखूड 'अ' आहे. एवढ्या एका मद्दीने सगळा पाण्याचा अर्थ संशयात येतो.

मग गावकरी स्वतः काय म्हणतात? इथेच आम्ही थांबलो. गावकरी आपल्या गावाला घरी अबयाना म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'विऊना'. त्यांच्या बोलीत 'वी' म्हणजे बेदाचे झाड. विऊना किंवा वियाना म्हणजे बेदांची जागा, बेदांचे बन. काळाच्या ओघात फारसी लिहिण्या-बोलण्यात त्या वियानाचे अबयाना झाले, असे सांगितले जाते. पाण्याचे गाव नव्हे, झाडांचे गाव. आपल्या चिंचोलीसारखे, पिंपळगावासारखे.

'बेद' कुठे आणि 'वी' कुठे, असे कोणी विचारील. यातला 'ब' आणि 'व' यांचा खेळ समजून घेण्यासारखा आहे आणि मराठी-उर्दू दोन्ही जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना तो चटकन समजतो. मराठीत आपण वीस म्हणतो, उर्दूत बीस, फारसीत बीस्त. मराठीत वारा आणि वात, फारसीत बाद, जो उर्दूत 'बादे सबा'मध्ये येतो. इराणच्या फार जुन्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला 'व' होता. फारसीत त्या 'व'चा पुष्कळ ठिकाणी 'ब' झाला. पण काशान-नतंझच्या डोंगरातील खेड्यांच्या बोलींनी तो 'व' सोडला नाही. फारसी बोलणारा 'बच्चे' म्हणतो तिथे या बाजूच्या बोलींत 'वच्चे' असे ऐकू येते. फारसीतील बाद तिथे 'वाद' होतो. तसेच बेदाचे झाले 'वी'. किंवा खरे म्हणजे उलट. तिथे 'व' आधीपासून होता, बदलली ती फारसी.

आणि हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतात वेतस म्हणजे बेदाचे किंवा वेताचे झाड. भाषेचे जाणकार सांगतात की वेतस आणि बेद ही एकाच जुन्या शब्दाची लेकरे आहेत. आपला मराठीतला वेत याच घराण्यातला. उर्दूतही छडीला 'बेद की छडी' म्हणतात. आमच्या लहानपणी गुरुजींच्या हातात जी वेताची छडी असायची, ती नात्याने त्या इराणी गावाच्या नावाची दूरची बहीण निघाली. तळहात चोळताना हे कोणी सांगितले असते तर आम्हाला फारसे कौतुक वाटले नसते, हा भाग वेगळा.

अबयानाच्या बोलीची आणखी एक गंमत आहे. फारसीत लिंगभेद नाही. तो आला, ती आली, दोन्हींना क्रियापद एकच. उर्दूत दोन लिंगे आणि मराठीत तीन, यात आमची मुले किती गोंधळतात ते आम्ही रोज पाहतो. 'चाय गरम आहे' की 'चहा गरम आहे', यावर घरोघरी हसे होते. काशान भागातील काही बोलींनी मात्र पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा जुना भेद आजवर सांभाळला आहे आणि अबयानाची बोली त्यातली एक. म्हणजे देशाच्या मोठ्या भाषेने जे कधीच टाकून दिले, ते या डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी शिल्लक राहिले. ज्यांना शहरात गेल्यावर लोक 'गावंढळ बोलतात' म्हणून हसले असतील, त्याच इराणच्या सर्वांत जुन्या ठेव्यापैकी एक सांभाळून होत्या.

आता काळजीची बाजू. या गावात कायम राहणारी माणसे थोडी आहेत. 2006 च्या शिरगणतीत ती तीनशेच्या आसपास होती. शिकलेली मुले तेहरान, काशान, इस्फहानला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच त्यांची लग्ने झाली. मोहर्रममध्ये आणि नवरोजला ती गावी येतात. आशूराच्या दिवशी 'नखल' नावाची मोठी लाकडी चौकट, काळ्या कापडाने सजवून, पुष्कळ पुरुष मिळून खांद्यावर उचलतात आणि गल्ल्यांतून नेतात. आपल्याकडचे ताबूत पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. नखल म्हणजे खजुराचे झाड. बर्फ पडणाऱ्या या डोंगरात खजूर कुठला, पण नाव झाडाचेच. त्या दिवसांत गल्ल्या भरून जातात. मग गाड्या परत जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसे आणि पर्यटक.

लाल मातीची घरे सरकारी पैशाने दुरुस्त होतील. मिंबर जपला जाईल. फुलांची ओढणी दुकानात विकत मिळेल. पण तेहरानमध्ये वाढणारी नात 'वी' हा शब्द कोणाकडून शिकणार? तो शब्द गेला की विऊना हे नाव नुसता आवाज होईल. पाटीवर अबयाना लिहिलेले असेल आणि येणारा प्रत्येक जण म्हणेल, हो, आब म्हणजे पाणी, शेजारी नदी आहेच. चुकीचा अर्थ खऱ्याच्या जागी बसेल आणि उठवायला कोणी उरणार नाही.

असे आपल्याकडेही होते. संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद घ्या. मूळ नाव खुल्दाबाद. खुल्द म्हणजे कायमचे, जन्नतच्या अर्थानेही हा शब्द येतो. त्या आधीचे नाव रौजा. मराठी जिभेवर खुल्दचे 'खुलता' झाले आणि आता मराठी मुलाला त्यात खुलणारे फूल दिसते, खुल्द दिसत नाही. यात कोणाचा दोष नाही, जीभ आपल्या सोयीने वळते. 'आबाद' या शब्दाचेही तसेच. पाणी आहे तिथे वस्ती, म्हणून आबाद हा शब्द 'आब'पासून आला असे पुष्कळ जण सांगतात, आम्हीही वर्गात अनेकदा सांगितले आहे. भाषापंडित मात्र त्याचे मूळ रक्षण करणे या अर्थाच्या 'पा' या धातूत मानतात, जो आपल्याला गोप, नृप या शब्दांत भेटतो. गोप म्हणजे गाई राखणारा. म्हणजे आबाद म्हणजे राखलेली, सांभाळलेली जागा. किती वर्षे आम्ही मुलांना पाण्याचा अर्थ सांगितला, अल्लाह माफ करो.

तर, अबयानाचे हे सारे वाचून झाल्यावर आम्हाला ती वही आठवली. लाल गोल आठवला. चिचुली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून विचारले, चिचुली हे नाव तुला कोणी सांगितले होते? ती घाबरली. तिला वाटले सर पुन्हा रागावणार. म्हणाली, "दादी बोलती थी सर. पन अब मैं दादी कू भी बोल दी, चिचुली नको बोलो, गलत है. सर ने काट दिया."

हे ऐकून आम्हाला काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. वीस वर्षे आम्ही वह्या तपासतो. लाल पेन वहीपुरते असते, असे धरून चाललो होतो. ते घरापर्यंत जाते, सत्तरीच्या म्हातारीच्या तोंडापर्यंत जाते आणि तिला तिच्याच गावाचे नाव चुकीचे ठरवते, हे आमच्या मनात कधी आले नव्हते. मुलीने वाईट काही केले नव्हते. आम्ही शिकवले ते तिने इमानाने घरी पोहोचवले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही निरोप पाठवून दादींना शाळेत बोलावले. त्या आल्या, ओढणी सावरून खुर्चीच्या कडेला बसल्या. नातीने काही खोडी केली असेल, म्हणून बोलावणे आले असे त्यांना वाटले होते. आम्ही म्हटले, "दादी, बच्चों कू बताओ, तुमारे गाँव का नाम क्या और कैसे पडा." त्या आधी आमच्याकडे पाहत राहिल्या, मग नातीकडे. नात मान खाली घालून बसली होती. मग हळूहळू बोलू लागल्या. "हमारे में चिच कू चिच-इच बोलते. गाँव के बाहर चिच के झाडां थे, बडे बडे. वहाँ गाड्यां छूटती थीं. चिच के झाडां थे, सो चिचुली." झाडे आता कुठे आहेत, असे एका मुलाने विचारले. रस्ता मोठा करताना कापली, त्या म्हणाल्या. त्यांच्या लग्नाच्या वेळी होती.

वर्ग शांत होता. झाडे गेली आहेत. ती तिथे होती याची खूण आता फक्त गावाच्या नावात आहे, आणि 'चिच' म्हणजे काय हे ज्यांना कळते त्यांनाच ती दिसते. आम्ही फळ्यावर दोन्ही नावे लिहिली. चिंचोली, जे पाटीवर आणि दाखल्यावर लिहायचे. चिचुली, जे घरी बोलायचे. मुलांना सांगितले की यातले एकही चूक नाही. अर्ज लिहिताना पहिले लिहा, परीक्षेतही पहिलेच लिहा, नाहीतर मार्क जातील. पण दादीशी बोलताना दुसरे बोला. मुलीला आम्ही म्हटले, तुझ्या निबंधावरचा गोल आमची चूक होती. शिक्षकाने वर्गासमोर असे म्हणणे सोपे नसते, पण म्हटल्यावर वाटते तेवढे अवघडही नसते.

प्रमाण भाषा शिकवणे हे आमचे काम आहे आणि ते आम्ही करणारच. मुलाला शुद्ध उर्दू आली पाहिजे, शुद्ध मराठी आली पाहिजे, त्याशिवाय त्याचा निभाव लागणार नाही. अबयानाच्या मुलांनाही फारसी शिकावीच लागते, त्याशिवाय तेहरानात नोकरी कशी मिळणार? प्रश्न एवढाच आहे की नवे शिकवताना जुने 'गलत' म्हणून पुसायचे की शेजारी ठेवायचे. आमच्या घरांत दखनी बोलतात, कोकणात कोकणी बोलतात, कुठे वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात. या बोली शाळेत शिकवल्या जात नाहीत. त्या फक्त दादी-नानींकडून मिळतात, आणि दादी-नानी कायम राहत नाहीत.

म्हणून या महिन्यात वाचकांना एक काम. घरात सर्वांत वयस्क जो कोणी असेल, त्याच्याजवळ मुलांना बसवा आणि गावाचे नाव विचारा. पाटीवरचे नाही, घरात बोलतात ते. गावाचे झाले की शेतांची नावे विचारा, विहिरींची विचारा, गल्लीची विचारा. अर्थ विचारा. अर्थ ठाऊक नसेल तर नुसते नाव वहीत उतरवून घ्या, जसे ऐकू आले तसे. लिहिताना दुरुस्त करू नका. दुरुस्त करायला पुष्कळ लोक बसले आहेत, आमच्यासारखे.

चिचुलीच्या दादींनी जाताना आम्हाला विचारले, "सर, वो इरान के गाँव में अब भी झाडां हैं क्या?" आम्ही म्हटले, "दादी, हमने देखा नहीं. पर नाम में तो हैं." त्या हसल्या आणि नातीचा हात धरून निघाल्या.